खोट्या दाताचं खरं हाड

रेडिओच्या माइकसारखा चुगलखोर दुसरा कोणी नाही. कविसंमेलनात आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला की भागतं. एखादं अक्षर घसरलं तरी ते टाळ्यांत वाहून जातं. स्टुडिओतला माइक मात्र तोंडापासून वीतभर अंतरावर असतो आणि ओठांआडचं सगळं ऐकतो. २०१२ साली मी असाच एका स्टुडिओत कविता वाचायला बसलो होतो. काचेपलीकडच्या गृहस्थांनी तिसऱ्यांदा हात वर केला आणि फार अदबीनं म्हणाले, ‘‘सर, ‘दिवा’ म्हणताना वारा येतोय. पुन्हा घेऊ या का?’’

वारा येणारच. वरच्या पटाशीच्या दातांपैकी एक दात महिन्यापूर्वीच पडला होता. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण, असं मी बी.ए.ला पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. त्याचा खरा अर्थ वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळला. ‘चमचा’तला च आणि ‘झाड’मधला झ यांनीही माझी साथ सोडली होती. कवीचं भांडवल म्हणजे काय, तर दोन-चारशे शब्द आणि ते नीट उच्चारणारं तोंड. त्यातलं अर्धं भांडवल गेलं, असं त्या दिवशी वाटलं.

दात का पडला, हेही सांगून टाकतो. मुशायरे रात्री रंगतात आणि मुशायऱ्याबरोबर पान रंगतं. पानात तंबाखू. ती उतरली की सिगरेट. घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, ते मी पंधरा वर्षं चूळ भरून थुंकून टाकत होतो. त्याला आपण पायरिया म्हणतो. दात किडला नव्हता, दुखला नव्हता. त्याच्या भोवतीचं हाड झिजत गेलं आणि एके सकाळी पाव खाताना तो पावातच राहिला. खालची एक दाढ त्याआधीच गेली होती.

आमच्या घरी खोटा दात म्हणजे कवळी. अम्मीची कवळी रात्री पाण्याच्या वाटीत असायची. पहिली कवळी आली तेव्हा ती छान बसायची. चार वर्षांनी सैल झाली. दुसरी केली, तीही सैल झाली. अम्मी म्हणायची, कवळी करणाराच कच्चा. बिचाऱ्याचा दोष नव्हता, हे मला फार उशिरा समजलं. कवळी तेवढीच होती. खालचं हाड कमी होत होतं. जबड्याच्या ज्या कडेत दात रुजलेले असतात ते हाड दातांबरोबर घडतं आणि दातांसाठीच टिकतं. दात काढला की त्याला काम उरत नाही. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यानं घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. अम्मीचे गाल बसले, हनुवटी नाकाकडे सरकली. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो.

मला कवळी नको होती. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात गेलो आणि दोन इम्प्लांट बसवून घेतले. एक पुढचा, एक दाढेचा. इम्प्लांट म्हणजे टायटेनियम धातूचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवतात, काही महिने तसाच ठेवतात आणि हाडानं त्याला घट्ट धरलं की त्यावर कॅप चढवतात. शेवटच्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी हात मिळवला आणि म्हणाले, ‘‘आता आयुष्यभर चिंता नाही. हा दात काही किडायचा नाही.’’ वाक्य खोटं नव्हतं. टायटेनियम किडत नाही. पण त्याच्या भोवतीचं हाड माझं होतं, जिवंत होतं, आणि त्याच्याविषयी त्या खोलीत कोणी अवाक्षर काढलं नाही. पुन्हा कधी दाखवायला यायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दिवशीच्या एक्स-रेची प्रतही मागितली नाही. आज मला बोलायचं आहे ते या हाडाबद्दल.

हाड धातूला धरतं ही गोष्ट मुळात कळली, तीही योगायोगानं. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचा तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होता. हाडाच्या आत डोकावता यावं म्हणून त्यानं टायटेनियमची एक बारीक खिडकीसारखी नळी सशाच्या हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढून पुन्हा वापरायची, असा काटकसरी विचार. पण ती निघेना. हाड धातूला असं जाऊन भिडलं होतं की मधे दुसरं काही उरलंच नव्हतं. शरीर परक्या वस्तूला बाहेर ढकलतं, हा तेव्हाचा समज. इथं शरीरानं परक्याला घरात घेतलं होतं.

ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हता, म्हणून दंतवैद्यांनी त्याचं बरीच वर्षं ऐकलं नाही. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यानं योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले. लार्सनला जन्मतः टाळूचा आणि जबड्याचा दोष होता आणि खाली एकही दात नव्हता. १९८२ मध्ये कॅनडात टोरांटोला परिषद भरली, तिथं हे काम मांडलं गेलं आणि मग जगानं ते मान्य केलं. लार्सन २००६ साली गेला, तेव्हा चाळीस वर्षं उलटूनही ते इम्प्लांट त्याच्या तोंडात होते. मला या सगळ्या कथेत शोध लावणाऱ्यापेक्षा लार्सनचंच कौतुक वाटतं. चाळीस वर्षं रोज जेवायचं, रोज घासायचं.

माझे सात वर्षं टिकले. म्हणजे एक टिकला नाही आणि दुसरा थोडक्यात वाचला.

२०१९ च्या दिवाळीच्या सुमारास दाढेच्या इम्प्लांटपाशी हिरडी फुगली. दुखत नव्हतं. त्याआधी वर्षभर तिथं ब्रश लागला की रक्त यायचं आणि सकाळी तोंडाला वास यायचा. बायको सांगायची, मी बडीशेप खायचो. अखेर आमच्याच गावातल्या, हिरड्यांवर पुढचं शिक्षण घेतलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक बारीक, खुणा केलेली सळई हिरडीच्या आत हलकेच सरकवली. मला वाटलं, थांबेल. ती जातच राहिली. मग एक्स-रे. पडद्यावर पांढराशुभ्र स्क्रू दिसत होता आणि त्याच्या भोवती, जिथं हाड असायला हवं तिथं, बशीच्या आकाराचा काळा खड्डा. निम्म्याहून अधिक स्क्रू नुसता उभा होता.

मी विचारलं, ‘‘डॉक्टर, एवढं होईपर्यंत दुखलं कसं नाही?’’

त्यांनी जे समजावलं ते माझ्यासारख्या मराठीच्या बी.ए.लाही समजलं. आपला खरा दात हाडात ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांचा एक पडदा असतो, त्या धाग्यांवर दात तोललेला असतो. झुल्यासारखा म्हणा. त्या पडद्यात रक्त खेळतं, संवेदना असते. भातातला बारीकसा खडा दाताखाली आला की जबडा जागच्या जागी थांबतो, तो या पडद्यामुळे. शिवाय हिरडीचे धागे खऱ्या दाताच्या मुळात आडवे शिरून त्याला घट्ट धरतात, त्यामुळे घाण आत उतरायला अडसर असतो. इम्प्लांटला हा पडदा नाही. आणि हिरडीचे धागे त्याच्यात शिरत नाहीत. ते त्याला समांतर किंवा त्याच्याभोवती गोल फिरून राहतात. ‘‘शर्टाची कॉलर गळ्याला जशी असते, तशी इथं हिरडी असते, काका. चिकटून असते, पण शिवलेली नसते.’’

मग घडतं असं. कॉलरीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचतो. रोज निघाला नाही तर हिरडी लाल होते, रक्त येतं. या टप्प्याला हाड शाबूत असतं; स्वच्छता नीट केली तर हिरडी पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झालं तर सूज खाली उतरते. शरीर त्या जंतूंशी लढायला जातं आणि त्या लढाईत स्वतःचंच हाड मागं घेत जातं. खऱ्या दाताच्या बाबतीतही हेच होतं, पण इम्प्लांटभोवती मधला पडदा नसल्यानं सूज थेट हाडाशी भिडते आणि पुष्कळदा वेगानं पसरते. स्क्रू मात्र खालच्या टोकाला घट्ट असतो, त्यामुळे हलत नाही. हलायला लागतो तेव्हा हाड जवळजवळ संपलेलं असतं. माझी दाढ अजून हलत नव्हती, पण खड्डा इतका खोल होता की वाचवण्यात अर्थ नव्हता. काढली.

हे माझ्यासारख्या एखाद्या पानखाऊ कवीचंच दुखणं असेल, असं समजू नका. २०१५ साली जगभरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार इम्प्लांट बसवलेल्या माणसांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांना नुसती हिरडीची सूज आणि सुमारे २२ टक्के लोकांना हाड झिजवणारी सूज असते. म्हणजे पाचातला एक.

हाड थोडंसं कमी होणं यात मात्र लगेच घाबरण्यासारखं काही नाही. कॅप बसल्यानंतरच्या पहिल्या वर्षात वरच्या कडेचं हाड एक-दीड मिलिमीटर खाली बसलं तर जुन्या हिशेबात ते चालतं; नवा संसार थाटताना भांड्याला भांडं लागतंच. त्यानंतर मात्र वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी झीज असावी, असा निकष १९८६ मध्ये तज्ज्ञांनी मांडला. ०.२ मिलिमीटर म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर पोस्टकार्डाची कड बघा, अंदाज येईल. एवढी झीज डोळ्याला किंवा जिभेला कळणं शक्य नाही. ती कळते फक्त दोन एक्स-रे शेजारी ठेवल्यावर. त्यातला पहिला एक्स-रे कॅप बसवली त्या वेळचा हवा. तो हातात नसेल तर पुढच्या डॉक्टरनं तुलना कशाशी करायची? माझ्या बाबतीत तो मिळाला नाही. घराचा सात-बारा आपण जपतो, मुलांचे जन्मदाखले जपतो. हाही एक दाखला आहे, तो मागून घ्या आणि कपाटात ठेवा. हे मी आज ज्याला त्याला सांगतो. लग्नात भेटलेल्या माणसालाही सांगितलं आहे.

हाड टिकावं म्हणून डॉक्टरांना काय काय सांभाळावं लागतं, याची कल्पना मला नव्हती. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर तरी जागा सोडायची, दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर. हिरडी फार पातळ असेल तर हाड लवकर खाली बसतं, म्हणून कधी टाळूवरची त्वचा आणून ती जाड करायची. एक मजेची गोष्ट त्यांनी सांगितली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रुंद इम्प्लांट बाजारात आले, पण त्यांच्यावर बसणारे तेवढेच रुंद जोडभाग तयार नव्हते. डॉक्टरांनी हाताशी होते ते अरुंद भाग बसवून वेळ मारून नेली. काही वर्षांनी एक्स-रे पाहिले, तर याच इम्प्लांटभोवतीचं हाड जास्त चांगलं टिकलेलं! जोडाची फट हाडाच्या कडेपासून थोडी आत सरकली होती, एवढंच. आता हे मुद्दाम करतात. ब्रोनेमार्कची नळी निघाली नाही आणि यांना जोडभाग मिळाले नाहीत. या शास्त्राची बरीचशी प्रगती अडचणींनीच केलेली दिसते.

आता पुढच्या दाताकडे वळतो, ज्याच्यासाठी सारा खटाटोप. त्याच्याभोवतीही हाड खाली गेलं होतं, स्क्रूचे तीन आटे उघडे पडले होते. पण इथं गुन्हेगार निराळा निघाला. कॅप दोन प्रकारे बसवतात: स्क्रूनं आवळून किंवा सिमेंटनं चिकटवून. माझी चिकटवलेली होती आणि चिकटवताना बाहेर आलेलं थोडं सिमेंट हिरडीखाली तसंच राहून गेलं होतं. तांदळाच्या कणीएवढं. त्या खरबरीत कणीवर सात वर्षं जिवाणूंनी वस्ती केली. तो काढून टाकला तर पुन्हा ‘दिवा’ म्हणताना वारा येणार, आणि नव्यानं बसवायला पुरेसं हाड राहील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. हिरडी उघडून साफ करू, खड्डा भरू, प्रयत्न करू. गेलेलं सगळं हाड परत येईल असं वचन देत नाही. मला ती भाषा आवडली. आयुष्यभर चिंता नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत.

खड्डा भरायचा म्हणजे कशानं? इथं त्या जरा घुटमळल्या. ‘‘काका, एक विचारायचं राहिलं. भरायला जी पावडर वापरतात ती बऱ्याचदा गाईच्या हाडापासून केलेली असते. आणि तिच्यावर अंथरायचा पडदा पुष्कळदा डुकरापासून.’’ आम्ही दोघंही क्षणभर गप्प बसलो आणि मग दोघांनाही हसू आलं. त्या ब्राह्मण, मी मुसलमान. एकाच खड्ड्याच्या काठावर दोघंही अडलो होतो. त्या म्हणाल्या, पेशंटला आधी विचारल्याशिवाय मी यातलं काहीच वापरत नाही; जैन पेशंट तर दोन्हींना नाही म्हणतात. पर्याय असतात. प्रयोगशाळेत बनवलेली कॅल्शियम-फॉस्फेटची पावडर मिळते किंवा स्वतःच्याच जबड्यातलं थोडं हाड खरवडून घेता येतं. आम्ही हे दोन्ही मिसळून वापरायचं ठरवलं. दुसरा एखादा मुसलमान पेशंट वेगळं ठरवेल, त्याचं तो जाणे. मला एवढंच वाटतं की हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो खुर्चीत तोंड उघडून आडवं होण्याआधी.

जानेवारी २०२० मध्ये ती छोटी शस्त्रक्रिया झाली. सिमेंटची कणी मला दाखवली. दोन महिन्यांनी तपासणीला जायचं होतं, तर मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दवाखाने बंद झाले. ते महिने मी कधी विसरणार नाही. इतर लोक हात धूत होते, मी हात धुऊन दात धूत होतो. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, ‘‘माझं काम झालं, काका. आता खरं काम तुमचं.’’

ते काम काय, ते थोडक्यात सांगतो, कारण यात चमत्कार काही नाही. मऊ ब्रश दोन वेळा, हिरडीच्या कडेला तिरका धरून. दातांच्या मधल्या फटींसाठी बाटली साफ करायच्या ब्रशाचं पिल्लू मिळतं, त्याच्या आतल्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेलं घ्यायचं. रात्री एकदा ते प्रत्येक फटीतून फिरवायचं. जिथं ते जात नाही तिथं जाडसर फ्लॉस. सारं मिळून सहा-सात मिनिटं. रमजानमध्ये मी सहरीनंतर एकदा आणि रात्री तरावीहहून आल्यावर एकदा करतो, दिवसा मिसवाक. आमचे नाना मिसवाकवर ऐंशी वर्षं जगले आणि त्यांचे दात त्यांच्याबरोबर गेले. ही काडी चांगलीच आहे, पण दोन दातांच्या मधे ती पोचत नाही, आणि नानांच्या तोंडात स्क्रू नव्हते.

आणि दर तीन-चार महिन्यांनी दवाखाना. तिथं सळईनं खोली मोजतात, रक्त येतं का पाहतात, किटण काढतात. इम्प्लांटवरून साधं लोखंडी हत्यार फिरवत नाहीत, ओरखडे पडले की त्यांत थर साचतो; त्यासाठी वेगळी हत्यारं असतात. वर्षातून एकदा एक्स-रे. ज्यांना पूर्वी पायरिया होता त्यांना सहा महिन्यांची सवलत नाही, असं मला स्पष्ट सांगितलं गेलं. ज्या रोगानं खरा दात नेला तोच रोग खोट्याच्या हाडावर डोळा ठेवून असतो.

एका गैरसमजाबद्दल बोललंच पाहिजे. मित्र सांगतात, हाड कमी होतंय ना, मग कॅल्शियमच्या गोळ्या घे, रोज दूध पी. दूध जरूर प्यावं. पण हे हाड कॅल्शियमच्या टंचाईनं जात नाही, सुजेनं जातं. गोळ्या खाऊन कडेचा थर निघत नाही. उलट हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधं जबड्यावरच्या शस्त्रक्रियेत अडचण करू शकतात. ती चालू असतील तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायला हवं, स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. रात्री दात खाणाऱ्यांनाही जपावं लागतं. नुसत्या भारानं हाड झिजतं का यावर तज्ज्ञांत एकमत नाही, पण कॅप फुटते, स्क्रू सैल होतो, हे तर होतंच.

आणि तंबाखू. मी पान सोडलं हे सांगताना मोठेपणा वाटत नाही. दाढ गेल्यावर सोडलं, आधी सोडायला हवं होतं. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यामुळे हाड जात असतानाही रक्त कमी येतं, म्हणजे जी एक खूण आपल्याला सावध करणार तीच दडपली जाते.

हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर माझी मोठी बहीण आहे. आपा पासष्टीची आहे. तिला पंधरा वर्षं साखरेचा आजार आहे आणि त्याहून जुनी तिची मिश्री. तव्यावर भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची, हे आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं सकाळचं पहिलं काम. सगळ्या जातीधर्मांत आहे. दात घासतो असं त्या म्हणतात. खरं तर त्यांना तल्लफ असते. आपाच्या खालच्या दाढा गेल्या. माझा पुढचा दात बघून ती एक दिवस म्हणाली, ‘‘तेरे डॉक्टर को बोल, मेरे को भी वैसाच बिठा दे.’’

डॉक्टरांनी तिला बसवून घेतलं, एक्स-रे काढला, आणि नाही म्हणाल्या. म्हणजे आत्ता नाही म्हणाल्या. साखर हाताबाहेर असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि सूज हाडाला लवकर खाते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखरेची तपासणी करून या, मिश्री बंद करा, हिरड्यांचे उपचार आधी होऊ द्या, मग बघू. आपाला राग आला. बाहेर येऊन मला म्हणाली, पैसे देतोय तर बसवायला काय होतंय? कुठलाही दुसरा बसवून देईल. खरं होतं ते. बसवून देणारे भेटतात. मला तो हस्तांदोलनाचा दिवस आठवला, पण भावानं बहिणीला समजवायचं म्हणजे कठीण. मी घरी येऊन माझे दोन्ही एक्स-रे तिच्यापुढे खिडकीच्या उजेडात धरले. एकात बशीसारखा काळा खड्डा, दुसऱ्यात शस्त्रक्रियेनंतरचा पुढचा दात, आटे अजून थोडे उघडे, पण हाडाची कड स्थिर. तिनं बराच वेळ पाहिलं. मग अम्मीच्या कवळीची वाटी कुठं आहे म्हणून विचारलं. ती वाटी आमच्याकडे अजून आहे.

दुसऱ्या दिवशी आपानं मिश्रीची डबी माझ्या हवाली केली. आठवड्यानं तिच्या उशाखाली दुसरी सापडली. तीही घेतली. आता सहा महिने झाले. तिची सून सांगते, डबी नाही, पण अधूनमधून शेजारणीकडे जाते आणि बोट काळं करून येते. साखर मात्र खाली आली आहे. खालच्या हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं आहे, आणि तो बाटलीच्या ब्रशाचा बच्चा वापरायला ती माझ्यापेक्षा पटकन शिकली. मेंदी काढणारे हात आहेत तिचे.

माझा पुढचा दात पाच वर्षांहून अधिक काळ जिथल्या तिथं आहे. हिरडी थोडी वर सरकली आहे, हसलो तर कडेला धातूची रेघ दिसते. डॉक्टर म्हणाल्या, वाईट दिसतंय का, झाकता येईल. मी म्हटलं, राहू द्या. ‘दिवा’ म्हणताना वारा येत नाही, हे मघाशी काचेपलीकडून मला हातानं खुणावून सांगितलं गेलं आहे.

येत्या मंगळवारी माझा वर्षाचा एक्स-रे आहे. त्याच दिवशी आपाचाही काढणार आहेत, पुढे जायचं की अजून थांबायचं ते ठरवायला. रिक्षा एकच करायची आणि पैसे मी द्यायचे, हे तिनं आत्ताच सांगून ठेवलंय.